चार बोटांचं अंतर

श्रोतेहो, नमस्कार. आज पी. टी. उषाबद्दल बोलायचं आहे. आपल्या नागपुरात कुणाची पोट्टी जरा जोरात पळाली की शेजारीपाजारी अजूनही म्हणतात, "आली बघा पी. टी. उषा!" मानकापूरच्या संकुलात आज ज्या मुली सराव करतात ना, त्यांच्या आया उषा पळत होती तेव्हा पाळण्यात होत्या. तरी नाव टिकलंय. पण ती हर्डल्सची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, धावपटू होती, आणि पुढे तिनं प्रशिक्षक म्हणून कितीतरी वर्षं घातली, हे विचारलं तर बरेच जण गप्प बसतात.

तर 1964 चा जन्म. केरळातलं कोझिकोड, त्या जिल्ह्यातलं पय्योली. घरची परिस्थिती बेताची, अंगानं काटकुळी. कण्णूरला मुलींची क्रीडाशाळा निघाली, तिथे ओ. एम. नंबियार नावाचे प्रशिक्षक होते, हवाई दलातून आलेले. एका बक्षीस समारंभात त्यांची नजर या मुलीवर पडली. धावताना पाहून नव्हे बरं का. तिची सडपातळ अंगकाठी आणि भरभर चालणं पाहून! सराव कुठे, तर पय्योलीच्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत.

वाळूवरून आठवलं. आपल्याकडे आता गल्लीबोळात सिमेंटचे रस्ते झालेत. गाड्यांना असतील बरे. पण पहाटे पाचला त्या रस्त्यांवर लेकरांना पळवणारे आईबाप दिसतात, त्यांना हात जोडून सांगतो, बाप्पा, नका पळवू. रेशीमबागेच्या मातीवर न्या, कुठल्याही मैदानाच्या गवतावर न्या. वाढत्या वयातली नडगी आणि गुडघे त्या सिमेंटवर किती दिवस टिकणार?

असो. सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये 100 आणि 200 मीटरला रौप्य. त्याच एशियाडमध्ये एम. डी. वल्सम्मानं 400 मीटर हर्डल्सचं सुवर्ण घेतलं होतं. आणि 1984 च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये बायकांची 400 मीटर हर्डल्स पहिल्यांदाच होणार होती. नंबियारांनी उषाला तिकडे वळवलं. शर्यत अशी, की मैदानाला एक पूर्ण फेरी, वाटेत दहा हर्डल्स, प्रत्येक अडीच फूट उंच. बस, एवढं कळलं की पुढचं कळतं.

आता तो किस्सा. मला तो सांगायला फार आवडतो, आणि आमचे कार्यक्रमाधिकारी दरवेळी म्हणतात, वेळ पाहा. पण पूर्णच सांगतो.

8 ऑगस्ट 1984. अंतिम फेरी. आठ जणी रेषेवर. उषानं उपांत्य फेरी जिंकलेली, म्हणजे तिला कुणी हलक्यात घेत नव्हतं. या शर्यतीचा अनुभव मात्र तिच्याकडे अगदी थोडा. समोरच्या मुली परदेशात स्पर्धांवर स्पर्धा खेळून आलेल्या. गोळी सुटली. उषा झकास निघाली, ती स्वतः सांगते की ती सुरुवात तिला हवी तशी साधली होती. आणि लगेच दुसरी गोळी! थांबा, परत या. ऑस्ट्रेलियाच्या डेबी फ्लिंटॉफनं घाई केली होती. फॉल्स स्टार्ट.

चूक एकीची, पण परत सगळ्यांना यावं लागतं. अंगात उसळलेला जोर पुन्हा दाबायचा, पुन्हा ब्लॉकमध्ये पाय रोवायचे, पुन्हा श्वास धरायचा. पुन्हा गोळी. या वेळी उषा निघाली, पण पहिल्यासारखी नाही. एक एक हर्डल मागे पडत गेला. शेवटच्या वळणावरून बाहेर आली तेव्हा पदक समोर होतं. दहावा हर्डल ओलांडला. आता उरले चाळीस मीटर.

मोरोक्कोची नवल एल मुतवक्कील सुटली, तिनं सुवर्ण घेतलं, 54.61 सेकंद. अमेरिकेची जूडी ब्राउन दुसरी. आणि तिसऱ्या जागेसाठी रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू आणि आपली उषा अगदी बरोबरीनं. रेषेवर कोजोकारूनं छाती पुढे झोकली. उषाची झोक तेवढी बसली नाही. निकाल डोळ्यांना कळेना, फोटो पाहावा लागला. कोजोकारू 55.41. उषा 55.42.

पुन्हा सांगतो, 55.41 आणि 55.42. सेकंदाचा शंभरावा भाग. आकाशवाणीच्या बातम्यांआधी जी टूक् टूक् वाजते, त्यातल्या एका टूकपेक्षाही कितीतरी कमी वेळ. त्या वेगानं पळताना तेवढ्या वेळात अंतर कापलं जातं साधारण सात सेंटिमीटर. आपली चार बोटं जोडून धरा, तेवढं. चारशे मीटरमध्ये चार बोटं! आणि 55.42 हा आकडा लक्षात ठेवा, मी शेवटी परत घेणार आहे.

उषानं पुढे मुलाखतींत आणखी एक गोष्ट सांगितली. ऑलिंपिक गावात तिला सोसेल असं जेवण मिळेना. पेज आणि घरून नेलेलं लोणचं, यावर दिवस काढले. शेवटच्या 35 मीटरला ताकद पुरली नाही ती त्यामुळे, असं तिचं म्हणणं. आता आपण नागपूरकर जबलपूरला लग्नाला जायचं तरी चिवड्याचा डबा बांधतो. पथकाबरोबर अधिकारी किती जातात ते मोजू नये, पण एखादा स्वयंपाकी जायला काय हरकत होती?

तिकडे मोरोक्कोच्या राजानं जाहीर केलं, की त्या दिवशी जन्मलेल्या मुलींचं नाव नवल ठेवा. ही नवल तेव्हा अमेरिकेतल्या आयोवात शिकत होती आणि तिथेच सराव करत होती. फरक बघा. एकीला तिथला ट्रॅक, तिथलं विद्यापीठ, तिथल्या स्पर्धा. दुसरीला पय्योलीची वाळू. तरी अंतर पाऊण-एक सेकंदाचं.

पुढची कारकीर्द भराभर सांगतो, घड्याळ पळतंय. 1985 ला जाकार्तात आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत, म्हणजे एशियाड नव्हे, पाच सुवर्ण. 1986 च्या सोल एशियाडमध्ये भारताला एकूण पाच सुवर्ण मिळाली, त्यातल्या चारांत उषा. पाचवं कुस्तीत कर्तारसिंगचं. 1985 मध्येच नंबियारांना द्रोणाचार्य पुरस्कार. 1988 ला टाचेच्या दुखापतीनं सोल ऑलिंपिक वाया गेलं. 1991 ला लग्न, आणि मूल झाल्यावर परत येऊन 1998 ला फुकुओकाच्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत 200 आणि 400 मीटरला कांस्य! हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडे बाई आई झाली की तिचा खेळ संपला असं घरचेच ठरवून टाकतात.

2002 ला तिनं उषा स्कूल सुरू केलं, केरळातच. लहान वयाच्या मुली निवडायच्या, जवळच ठेवायच्या, खाणंपिणं, शाळा, सराव सगळं एका जागी. स्वतःला जे मिळालं नाही तेच देण्याचा हिशेब होता. किनालूरच्या तिच्या शाळेत सिंथेटिक ट्रॅक आला तो मात्र 2017 मध्ये.

तिची नावाजलेली शिष्या टिंटू लुका, 800 मीटरची. 2010 मध्ये क्रोएशियातल्या स्प्लिट इथे तिनं 1 मिनिट 59.17 सेकंद वेळ दिली आणि शायनी विल्सनचा पंधरा वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2014 च्या एशियाडला रौप्य. पण टिंटूची खोड म्हणजे सुरुवातीपासून पुढे धावायचं आणि शेवटच्या पन्नास मीटरला मागे पडायचं. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत असंच झालं आणि लोकांनी उषावर तोंडसुख घेतलं. मला विचाराल तर टीका अगदीच चुकीची नव्हती. धावणारीला अंगातून कळतं ते शिष्येच्या अंगात उतरवणं हे वेगळं काम आहे, आणि आपण मात्र मोठा खेळाडू म्हणजे मोठा गुरू असं धरूनच चालतो. नंबियार स्वतः काही ऑलिंपिकवीर नव्हते.

2022 मध्ये ती राज्यसभेवर गेली आणि त्याच वर्षी भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष झाली. खुर्चीतली उषा हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

आता तो आकडा. 2023 चं हांगझोऊ एशियाड. कोइमतूरची विद्या रामराज 400 मीटर हर्डल्सच्या प्राथमिक फेरीत धावली. वेळ लागली 55.42. एकोणचाळीस वर्षांनी, शंभराव्या भागापर्यंत तीच! दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत विद्याला 55.68 लागले, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा जास्त. आणि तरी तिला कांस्य मिळालं.

आपल्या वेळेची दोन मिनिटं मी पुढच्या शेतीविषयक कार्यक्रमातून उसनी घेतली आहेत, कास्तकार मंडळींनी माफ करावं. नमस्कार.