ग्लास की बाटली?

(दृश्य: डार्ट नदी, बोटीतून)

डेव्हनमधली डार्ट नदी. काठावर दगडी कठडा, त्यात जुन्या तोफा, तोंडं पाण्याकडे. ही ग्रीनवे या घराची 'बॅटरी'. रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तींनी ही मालमत्ता १९३८ साली ६,००० पौंडांना घेतली. चारच वर्षांनी, 'फाइव्ह लिटल पिग्ज' या कादंबरीत, घराचं नाव तेवढं बदलून त्यांनी इथे एका चित्रकाराला मारलं.

आगगाडीतला खून सगळ्यांना पाठ असतो, बेटावरचे दहा मृत्यूही. ही कादंबरी मात्र मागे राहते. आणि बाईंमधला कंपाउंडर सगळ्यात चोख उतरलाय तो हिच्यातच.

(दृश्य: हेमलॉकचा दांडा, अगदी जवळून)

हेमलॉक. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांच्याच कुळातलं. फुलं तशीच, छत्रीसारखी पांढरी, म्हणून फसायला होतं. ओळख दांड्यावर: गुळगुळीत, एक लव नाही आणि जांभळे डाग. चुरगळलं की उंदरासारखा वास. यातलं विष म्हणजे कोनीन. स्नायू पायांपासून लुळे पडत जातात, शेवटी श्वास थांबतो. डोकं मात्र तोवर शाबूत. त्यामुळे बाकावर बसलेला चित्रकार लांबून बघणाऱ्याला आपलं चित्र न्याहाळतोय असंच वाटतं.

(दृश्य: बिअरची बाटली, शेजारी ग्लास)

आता ही मांडणी नीट बघा. बायकोने थंड बाटली आणली, ग्लासात ओतली. नवरा मेल्यावर तिने बाटली पुसली आणि त्याची बोटं तिच्यावर दाबली. गव्हर्नेसने हे डोळ्यांनी पाहिलं. वेगळा पुरावा कशाला हवा? पण तपासणीत कोनीन निघालं ते ग्लासात. बाटलीत थेंबही नव्हता. विष घालणाऱ्याला ते कशात घातलं हे माहीत असणारच. मग ती बाटली का पुसत बसली? सोळा वर्षांनी ख्रिस्तींचा गुप्तहेर पॉयरो नेमका इथे अडतो. बायको तोवर तुरुंगात वारलेली.

(दृश्य: औषधांच्या बाटल्या, तराजू)

हा काटेकोरपणा आला टॉर्कीच्या युद्धकाळातल्या हॉस्पिटलातून. तिथे औषधं बनवताना ख्रिस्तींनी १९१७ साली त्याची परीक्षाही दिली. ते ज्ञान कागदावरच राहिलं नाही: १९७७ साली लंडनमध्ये कतारहून आणलेल्या १९ महिन्यांच्या मुलीचं निदान होईना, तेव्हा थॅलियम या विषावरची ख्रिस्तींची 'द पेल हॉर्स' वाचणाऱ्या नर्सने ते ओळखलं, मुलगी वाचली.

(दृश्य: झेफिरीन द्रुआँ गुलाब, फांदीवरून सरकणारा कॅमेरा)

या फांदीवर काटा शोधा. नाही सापडणार, जातच बिनकाट्याची. ख्रिस्तींच्याच १९४० च्या 'सॅड सायप्रेस'मध्ये मनगटावरची खूण 'गुलाबाचा काटा लागला' म्हणून खपवली जाते. ती खूण सुईची. आणि लेबलचा फाटका तुकडा: 'मॉर्फिन'. पण पहिलं 'एम' लहान लिपीतलं. औषधाचं नाव तिथून सुरू होत असतं, तर ते मोठं छापलं असतं. म्हणजे त्याआधीची अक्षरं फाटली आहेत. पूर्ण शब्द 'ॲपोमॉर्फिन', जे टोचलं की काही मिनिटांत ओकारी होते. चहात विष असेल, तर आपण प्यायलेलं बाहेर काढायला एवढं पुरतं.

देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच. मराठी अनुवादकाला इथे तळटीपच द्यावी लागेल.