गेन आला का?

(दृश्य: प्रयोगशाळेतलं टेबल. ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता पाय खोचायची भोकांची पाटी), वायरींचे तुकडे, मल्टिमीटर.)

बीसी ५४७. तीन पायांचा, काळा, छोटासा ट्रान्झिस्टर. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मूठभर घेतले तरी खिशाला झळ बसत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आलेल्या कितीतरी मुलामुलींची ॲनालॉग सर्किटशी पहिली खरी गाठ पडते ती याच्यामुळे.

आजचं प्रॅक्टिकल आहे कॉमन एमिटर ॲम्प्लिफायर, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणारं सर्किट. आकडेमोड फळ्यावर झालेली आहे. सप्लाय १२ व्होल्ट. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, कलेक्टर आणि एमिटर. बेसला ४७ किलोओहम आणि १० किलोओहमची जोडी, कलेक्टरला ३.९ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम. एमिटरच्या रेझिस्टरला समांतर १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर, म्हणजे सिग्नलला त्या रेझिस्टरला वळसा घालू देणारा. हिशोबाप्रमाणे गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो तो आकडा, दोनशेच्या आसपास यायला हवा. म्हणजे १० मिलिव्होल्टची साइन वेव्ह आत सोडली, तर बाहेर २ व्होल्टची दिसली पाहिजे.

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोघांना ती ४० मिलिव्होल्टचीच दिसतेय.

"मॅडम, ट्रान्झिस्टर गेलाय बहुतेक."

"पायांवरचं डीसी व्होल्टेज बघितलंत का?"

(दृश्य: मल्टिमीटरचा प्रोब एकेका पायावर टेकतो.)

बेसवर २.१ व्होल्ट. एमिटरवर १.४. कलेक्टरवर साडेसहा. सगळं फळ्यावरच्यासारखं. म्हणजे ट्रान्झिस्टर धडधाकट आहे, बायसिंगही (पायांवर ठरवून दिलेलं स्थिर व्होल्टेज) बरोबर आहे. मॅडम उत्तर सांगत नाहीत, फक्त विचारतात, "गेन चारच का? दहा का नाही, पन्नास का नाही?"

दोघं वहीकडे बघतात. कलेक्टरचा रेझिस्टर ३.९ किलोओहम, एमिटरचा १. भागाकार ३.९. बायपास कपॅसिटर नसेल तर गेन एवढाच येतो, हे लेक्चरमध्ये शिकवलेलं आहे आणि परीक्षेत लिहूनही झालेलं आहे. मग कपॅसिटर तर समोर दिसतोय! दिसतोय खरा, पण त्याचा एक पाय शेजारच्या ओळीत गेलाय. पाय उचलून एक भोक सरकवला, आणि सीआरओच्या (लाट दाखवणाऱ्या उपकरणाच्या) पडद्यावर लाट एकदम पडद्याबाहेर गेली.

ॲनालॉग डिझाइन शिकायचं ते इथं, असं आमचं ठाम मत आहे. रीडिंग चुकलं तरी ते उगाच चुकत नाही. चार हा आकडाच बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवत होता. ते बोट ओळखायची सवय एकदा लागली, की सूत्र पाठ करावं लागत नाही.

मग बेसला दोन रेझिस्टर कशाला, एकानं भागलं नसतं का? हेही करूनच बघायचं. बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, करंट गेन (बेसच्या करंटच्या किती पट करंट कलेक्टरला वाहतो तो आकडा) ११० ते ८०० एवढा पसरलेला आहे. एकाच पाकिटातून काढलेले दोन ट्रान्झिस्टरसुद्धा सारखे निघतील याची खात्री नाही. एकाच रेझिस्टरवर बायस दिला आणि ट्रान्झिस्टर शेजारच्या टेबलावरच्याशी बदलला, की कलेक्टरचं व्होल्टेज कुठल्या कुठं जातं. नुसत्या चिमटीत धरून गरम केला तरी ते हलताना दिसतं. दोन रेझिस्टरची जोडी आणि एमिटरचा रेझिस्टर लावा, आणि आता हवा तो ट्रान्झिस्टर घाला. कलेक्टर जवळपास जागचा हलत नाही. कुठल्याही नगावर चालेल असं सर्किट करणं, डिझाइन म्हणतात ते याला.

(दृश्य: छापील सर्किटचं तयार पॅनेल, पॅच कॉर्ड.)

अनेक कॉलेजांत मात्र असं तयार पॅनेल मिळतं. सर्किट वर छापलेलं, आतलं सोल्डरिंग झाकलेलं. चार पॅच कॉर्ड लावायच्या, रीडिंग घ्यायचं, जर्नल भरून सही घ्यायची. पॅनेलवर काही चुकत नाही, म्हणून काही शोधावंही लागत नाही. वेळ वाचतो हे खरं, पण ज्या कामासाठी तो वेळ ठेवला होता तेच काम त्यात गळून जातं. सिम्युलेशनची गोष्ट वेगळी. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ई-सिम हे सर्किट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, ते घरून वापरून यावं, हिशोब तपासून यावा. फक्त पडद्यावर काढलेली वायर कधी सैल बसत नाही, एवढं लक्षात ठेवावं.

(दृश्य: नवं ब्रेडबोर्ड. आठ पायांची आयसी.)

पुढच्या आठवड्यात ऑप-ॲम्प, म्हणजे एकाच चिपमध्ये तयार मिळणारा ॲम्प्लिफायर. आयसी ७४१, फेअरचाइल्ड कंपनीनं १९६८ मध्ये आणलेली. आज नव्या डिझाइनमध्ये ती कोणी सहसा घालत नाही, पण शिकायला उत्तम, कारण तिच्या मर्यादा साध्या सीआरओवर उघड दिसतात. बफर (आत येईल तेच बाहेर देणारं सर्किट) जोडलाय, सप्लाय अधिक-उणे १५ व्होल्ट. १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह १ किलोहर्ट्झला सुरेख येते. नॉब फिरवत २० किलोहर्ट्झला नेलं, तर साइनचा चक्क त्रिकोण झाला.

डेटाशीट उघडलं जातं. स्ल्यू रेट, मायक्रोसेकंदाला ०.५ व्होल्ट. याहून वेगानं आउटपुट चढू शकत नाही. कागदावर हिशोब होतो: १० व्होल्ट पीकला मर्यादा साधारण ८ किलोहर्ट्झ. मग पीक २ व्होल्टवर आणलं तर? फ्रीक्वेन्सी तीच, २० किलोहर्ट्झ, आणि साइन परत साइन.

"मॅडम, दुसरी आयसी लावली तर?"

ड्रॉवरमधून टीएल ०८१ निघते. स्ल्यू रेट मायक्रोसेकंदाला १३ व्होल्ट, मुख्य पाय ७४१ च्याच जागी. सप्लाय बंद करून आयसी बदलली जाते. पीक परत १० व्होल्ट, २० किलोहर्ट्झला साइन अगदी गुळगुळीत. नवा हिशोब दोनशे किलोहर्ट्झच्या आसपास सांगतोय, आणि बॅच नॉब फिरवत तिकडं निघाली आहे.