पुढे ढकललं, की नुसताच उशीर झाला?

श्रोतेहो, नमस्कार. उशीर होणं आणि पुढे ढकलणं यांसाठी इंग्रजीत कोणता शब्द कुठे वापरावा, ते आज पाहू.

ऊसबिल थकलं म्हणून घरातलं शिकलेलं पोरगं कारखान्याला इंग्रजीत ईमेल पाठवतं आणि त्यात 'डिफर्ड पेमेंट' असा शब्द घालतं. शब्द वजनदार वाटतो, पण बाजू कारखान्याची घेतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. दोघांत वेगळा लेखी करार असेल, तरच ही मुदत बाजूला राहते. मुदत उलटली, तर थकलेल्या रकमेवर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. आता 'डिलेड' म्हणजे ठरल्या वेळी मिळालं नाही. 'डिफर्ड' म्हणजे नंतर द्यायचं असं ठरलं. व्याज मागायचं आणि पत्रात 'डिफर्ड' लिहायचं, म्हणजे करार होता असं आपणच सुचवायचं. तिथे 'डिलेड'च हवं.

२०२० मध्ये कर्जाचे हप्ते लांबणीवर पडले, ते मात्र खरंच 'डिफर' झाले होते. सवलत मार्चपासून ऑगस्टपर्यंत होती. रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली, बँकांनी ती ग्राहकांना दिली. मुदत पुढे गेली तरी व्याजाची आकारणी चालूच राहिली, हे अनेकांना नंतर उमगलं.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: हे कुणी ठरवलं का? 'डिले'ला ठरवणारा लागतोच असं नाही. धुकं पडतं, इंजिन बिघडतं, घाटात दरड कोसळते. 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ', म्हणजे पुढे ढकलणं, यांच्यामागे मात्र माणूस असतो. कोर्टात हा फरक महागात पडू शकतो. अपिलाची मुदत गेली, तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. त्याला 'कंडोनेशन ऑफ डिले' म्हणतात. पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ही सोय अपील व अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. अशा अर्जात 'फायलिंग वॉज पोस्टपोन्ड' लिहिलं, तर जाणूनबुजून थांबलो अशी कबुलीच झाली.

दुसरा प्रश्न: काम सुरू झालं होतं का? सुरू होण्याआधीच तारीख बदलली, तर 'पोस्टपोन'. बसल्यावर उठलो आणि पुन्हा बसणार असू, तर 'अॅडजर्न', आपल्या भाषेत तहकूब. जिल्हा न्यायालयात 'तारीख पडली' म्हणतात, ती बहुतेक वेळा अॅडजर्नमेंटच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, तिथेही शब्द तोच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशात दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असं लिहिलं आहे. श्रोत्यांनी हसू नये.

कंपनीच्या सभेत मात्र हा नियम थोडा वाकतो. कंपनी कायदा २०१३, कलम १०३ पाहा. सभेची वेळ झाली आणि अर्ध्या तासात गणपूर्ती, म्हणजे कोरम, झाली नाही, तर सभा सुरू न होताही 'अॅडजर्न' होते. पुढच्या आठवड्यात तोच वार, तीच वेळ, तीच जागा. दिवस, वेळ किंवा जागा बदलली, तर किमान तीन दिवसांची सूचना. तेव्हाही अर्ध्या तासात कोरम भरला नाही, तर हजर असतील त्यांचाच कोरम. सभासदांनी मागणी करून बोलावलेली सभा असेल, तर ती तहकूब न होता थेट रद्द होते. पुन्हा भरलेल्या सभेत आधीचे उरलेले विषयच घ्यायचे. तहकूब सभेत नवा ठराव रेटणारे इथेच फसतात. 'पोस्टपोन' झालेल्या सभेत उरलेला विषय असा नसतोच, कारण सगळेच विषय शिल्लक असतात.

विधानसभेची बैठक अध्यक्ष अॅडजर्न करतात. अधिवेशन संपवणं म्हणजे 'प्रोरोग', ते राज्यपाल करतात. त्याने प्रलंबित विधेयकं बाद होत नाहीत.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्यांसाठी दोन शब्द आणखी. सामना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करायचा असेल, तर 'सस्पेंड'. सोडूनच दिला, तर 'अबॅन्डन'. अबॅन्डन सामना, स्पर्धेचे नियम वेगळं सांगत नसतील तर, पुन्हा खेळवला जातो.

रेल्वेत आपलं कोल्हापूर स्टेशन शेवटचं असल्याने दोन्ही शब्द ऐकू येतात. येणारी कोयना 'डिलेड' असते. इथून सुटणारी महालक्ष्मी एक्सप्रेस आधी कळवून उशिरा सोडली, तर 'रीशेड्यूल्ड'. आपण बसणार त्या स्टेशनवर गाडीला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि प्रवास केला नाही, तर कन्फर्म तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात. त्यासाठी ई-तिकीट असेल तर गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायला हवा.

'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे आपलाच आळस. लॅटिनमधला 'क्रास', म्हणजे उद्या, त्यात दडला आहे. दुसऱ्यानं मुद्दाम वेळ काढला, तर तो 'स्टॉल' करतो.

शब्दांची जोडणीही सांभाळा. 'पोस्टपोन्ड टू फ्रायडे' म्हणजे शुक्रवारवर, 'पोस्टपोन्ड बाय टू डेज' म्हणजे दोन दिवसांनी. 'पोस्टपोन्ड टू गो' चूक, 'पोस्टपोन्ड गोइंग' बरोबर. 'डिले' आणि 'पुट ऑफ' यांनाही तेच लागू. अलीकडे आणायचं असेल तेव्हा आपण 'प्रीपोन' म्हणतो. इथे तो सर्वांना कळतो, परदेशी पत्रात 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहावं. नुसतं 'मूव्ह फॉरवर्ड' लिहिलं, तर इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांतही निम्मे अलीकडे समजतात, निम्मे पलीकडे. म्हणून पत्रात जुनी तारीख आणि नवी तारीख, दोन्ही आकड्यांत घालावी.