दस्तुरीच्या वर

(दृश्य: दस्तुरी नाका. शनिवार सकाळ. पार्किंगमध्ये शिरणाऱ्या गाड्या, मागे नेरळ घाटाची वळणं.)

गाड्या इथे थांबतात. पुढे माथेरान, तिथे मोटारींना बंदी. नाक्यावर माणशी प्रवेशकर भरायचा आणि बाजारपेठेपर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची वाट धरायची. चालत जा, घोड्यावर जा, नाहीतर अमन लॉज स्टेशनावरून मिनी ट्रेनची शटल मिळते का बघा.

मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाची सुट्टी इथेच सुरू होते. हॉर्न बंद, धूर बंद. मुलं रस्त्याच्या मधोमध धावतात आणि आई ‘बाजूला हो’ म्हणून ओरडत नाही. त्या दोन दिवसांसाठीच तर लोक येतात.

(दृश्य: सामानाने भरलेली हातगाडी चढावर. एक माणूस ओढतोय, दोघे मागून रेटतायत.)

आणि वर जे राहतात, त्यांचा हिशेबही इथूनच सुरू होतो. गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, सिमेंटची गोणी, फ्रिज, हॉटेलचे धुऊन आलेले पलंगपोस. सगळं कुणीतरी ओढून, डोक्यावर घेऊन किंवा घोड्याच्या पाठीवर लादून न्यायचं. नेरळच्या दुकानातली वस्तू बाजारपेठेत पोचेपर्यंत तिच्यावर हमाली चढलेली असते. पाण्याची बाटली इतकी महाग का, म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्या पाहुण्याने एकदा या हातगाडीच्या मागे चालून बघावं. भांडायचं असेल तर वर पोचल्यावर खुशाल भांडावं.

माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात. उंची साधारण 800 मीटर. 2011 च्या जनगणनेत लोकवस्ती साडेचार हजारांच्या आतबाहेर. सीझनच्या एखाद्या शनिवार-रविवारी त्याहून जास्त माणसं नुसती फिरायला येतात.

इतिहासाच्या पुस्तकात माथेरानचा शोध 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला असं लिहिलेलं असतं. वाट दाखवायला त्याच्यासोबत चौक गावचा पाटील होता. म्हणजे वाट होती, वाट माहीत असलेली माणसंही होती. साहेबाला ती नवी होती, एवढंच. मग बंगले आले, आणि बंगल्यांबरोबर माळी, खानसामे, भिस्ती, पालख्या वाहणारे हमाल आले. साहेबलोक मेअखेर उतरून जायचे. ही माणसं इथेच राहिली.

(दृश्य: नॅरोगेज रुळांवरून वळण घेणारी मिनी ट्रेन.)

1907 मध्ये नेरळहून रेल्वे वर आली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली, दोन फूट रुंदीची, सुमारे एकवीस किलोमीटरची. पर्यटक तिला ‘टॉय ट्रेन’ म्हणतात. गावासाठी ती खेळणं नव्हती. माणसं त्याच गाडीने जायची-यायची, मालही तिनेच यायचा. 26 जुलै 2005 च्या पावसात तिचे रूळ जागोजागी वाहून गेले आणि गाडी पुन्हा धावायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसाने पुन्हा तेच केलं. नेरळपासूनची गाडी 2022 च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली. गाडी बंद पडली की पर्यटकाचा एक फोटो हुकतो. इथल्या माणसाचा मात्र रस्ताच तुटतो.

(दृश्य: पावसाळा. धुक्यात बुडालेली बंद दुकानं. वळचणीला बांधलेला घोडा.)

आता पावसाळ्याकडे या. कारण माथेरानला राहणं म्हणजे काय, ते जूनपासून सप्टेंबरपर्यंत कळतं.

हल्ली पावसातही लोक येतात. धुकं बघतात, भिजतात, भजी खातात, रविवारी संध्याकाळी उतरतात. सोमवारी वीज गेलेली असते. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, झाड पडून वाट अडते. नेरळची गाडी या दिवसांत बंद असते, चालते ती फक्त अमन लॉजची शटल. मे महिन्यात कमावलेलं या चार महिन्यांत पुरवायचं असतं. गिऱ्हाईक नसलं तरी घोड्याला चारा लागतोच, भुसा लागतोच. घोडेवाल्याच्या घरात आधी घोड्याचं पोट भरतं.

परवाना असलेले असे घोडे साडेचारशेच्या आसपास आहेत. इको, लुईझा, अलेक्झांडर, शार्लोट तलाव, सूर्योदयाला पॅनोरमा: पॉइंटांची ही माळ घोडेवाल्याला पाठ असते. पण त्याला विचारा, घरच्यांना घेऊन सूर्योदय बघायला कधी गेलात? इथला माणूस पॉइंटवर जातो तो गिऱ्हाईक घेऊन. शाळेची मे महिन्याची सुट्टी इतर मुलांसाठी फिरायची असते. इथल्या मुलांसाठी ती गल्ल्यावर बसायची, चिक्कीची पाकिटं भरायची असते.

पाण्याचंही तसंच. शार्लोट तलाव पर्यटकांसाठी एक पॉइंट आहे; गाव त्याचं पाणी पितं. ते पुरत नाही, म्हणून खाली नेरळहून उल्हास नदीचं पाणी पंपाने डोंगर चढवलं जातं. हॉटेलच्या खोलीत शॉवर सोडताना हे कुणाला आठवावं अशी अपेक्षा नाही. मलाही घरच्या नळाखाली आठवत नाही.

(दृश्य: रुग्णवाहिका. मग बाजारपेठेतला नगरपरिषदेचा दवाखाना.)

मोटारबंदीला अपवाद रुग्णवाहिकेचा आणि अग्निशमन गाडीचा. मोठं दुखणं आलं की रुग्णवाहिकेने दस्तुरी, मग घाट उतरून नेरळ, तिथून कर्जत, उल्हासनगर किंवा थेट मुंबई. अवघडलेल्या बाईला पावसाळ्यात आधीच खाली नातेवाइकांकडे नेऊन ठेवणं हा इथला शहाणपणा आहे. कॉलेजलाही खालीच. आणि घर? फेब्रुवारी 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. जंगल टिकायचं तर बांधकामाला आवर हवाच होता, यात मला शंका नाही. पण वाढत्या कुटुंबाला एक खोली काढायची म्हटली तरी त्याच नियमांशी गाठ पडते. म्हणून वर काम करणारे कितीतरी लोक नेरळला राहतात. सकाळी टॅक्सीने दस्तुरी, तिथून पायपीट, संध्याकाळी उलट.

(दृश्य: भाई कोतवाल यांचं छायाचित्र.)

या गावाने एक मोठा माणूस दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, भाई कोतवाल. जन्म 1 डिसेंबर 1912, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात. बंगल्यांमधल्या साहेबांची हजामत करणाऱ्या समाजातला हा मुलगा वकील झाला. डोंगराखालच्या वाड्यांमधल्या आदिवासींसाठी त्यांनी शाळा काढल्या, सावकाराकडे जावं लागू नये म्हणून धान्यकोठारं उभारली. बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्ता या भूमिगत तुकडीने विजेचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने ते गेले. माथेरानची ‘बघण्यासारखी ठिकाणं’ सांगणाऱ्या यादीत त्यांचं नाव मला क्वचितच दिसलं.

(दृश्य: मुख्य रस्ता. एका बाजूने घोडा, दुसऱ्या बाजूने ई-रिक्षा.)

गाड्या नकोत, हे पर्यटकाचं मत एका वाक्यात संपतं. गावाचं संपत नाही. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे परवाने होते 94. लाल मातीच्या चढावर बसलेल्या माणसाला ओढायचं; पावसात चाक रुतलं तर आणखी जोर लावायचा. इथल्याच एका निवृत्त शिक्षकांनी ई-रिक्षासाठी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा धावल्या आणि दप्तर घेऊन चालणारी शाळकरी मुलं पहिल्यांदा बसून शाळेत गेली.

घोडेवाल्यांचं म्हणणं वेगळं. रिक्षा आली की दस्तुरीचं गिऱ्हाईक तिच्याकडे जाणार, आणि कर्ज काढून घेतलेला घोडा दावणीला उभा राहणार. रिक्षेसाठी रस्त्यावर पेव्हर ब्लॉक हवेत, तर ओल्या ब्लॉकवर घोड्याची नाल घसरते. दोघंही याच गावचे. एकाच बाजारातून किराणा नेणारे. मार्च 2025 मध्ये नाक्यावर पर्यटकांची फसवणूक होते या तक्रारीवरून गावाने बेमुदत बंद पुकारला, तेव्हाही गावातलेच लोक समोरासमोर उभे राहिले होते. बाहेरून आलेल्याने यात पटकन बाजू घेऊ नये. मी मात्र घेतो: माणसाने माणसाला ओढणं थांबायलाच हवं होतं.

6 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. ही प्रथा अमानवी आहे, सहा महिन्यांत बंद करा, आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखा. पेव्हर ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर चालतील, आतल्या वाटांवर नाहीत. ई-रिक्षा आधी खरोखर हातरिक्षा ओढणाऱ्यांना. उरल्या तर परिसरातल्या आदिवासी बायकांना आणि इतर गरजूंना.

(दृश्य: डोंगरउतारावरची पायवाट. करवंदं-जांभळांच्या पाट्या डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायका.)

त्या बायका म्हणजे या. खालच्या वाड्यांमधून चढून येतात. सीझनला रानमेवा विकतात, एरवी पर्यटकांच्या बॅगा वाहतात. दस्तुरी नाक्यावर तुमची बॅग उचलायला पुढे येतात, तेव्हा त्या निम्मा डोंगर आधीच चढून आलेल्या असतात. दर विचारलात तर सांगतील. तो घासाघीस न करता द्या.