सही झाली, मोर्तब बाकी

१७ मे १७८२. ग्वाल्हेरजवळचं सालबाई गाव. महादजी शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी तहावर सह्या केल्या. सात वर्षं रेंगाळलेलं इंग्रज-मराठा युद्ध मिटलं, असं कुणालाही वाटावं.

कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जची संमती जूनमध्येच आली. पुण्यात नाना फडणवीस मात्र घाई करेनात. मराठ्यांचा दोस्त हैदर अली दक्षिणेत इंग्रजांशी लढत होता, तोवर थांबणं नानांना परवडत होतं. डिसेंबरात हैदर वारला. पुण्याची मान्यता मिळून कागदांची देवघेव पुरी व्हायला १७८३ चा फेब्रुवारी उजाडला.

नानांनी इतके महिने जे लांबवलं, त्याला बोलीत आपण म्हणतो, शिक्कामोर्तब करणं. हा शब्द दरबारी कागदांतून आला. पत्राच्या माथ्यावर शिक्का, तळाशी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर दोनच शब्द असत: ‘मर्यादेयं विराजते’. मजकुराची हद्द इथे संपली. आता खाली कुणी एक ओळही घुसडायची नाही. आज आपण क्रिकेटच्या संघनिवडीवरही शिक्कामोर्तब करतो, ते सोडा.

कायद्याच्या मराठीत मात्र शब्द आहे अनुसमर्थन. जिभेला जड खरा, पण त्यातला ‘अनु’ फुकटचा नाही. अनु म्हणजे मागाहून. आधी कुणीतरी तुमच्या वतीने बोलणी करतो, सही करतो; मग तुम्ही सांगता, याने केलं ते मला बंधनकारक आहे. म्हणून या क्रियापदाचा कर्ता नीट पाहावा लागतो. तह वकील करतो, अनुसमर्थन धनी करतो. ‘मंजुरी’ म्हटलं की हा क्रम पुसला जातो, कारण मंजुरी आधीही घेता येते. बातम्यांमध्ये हे तिन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि नुसती सही झाली की करार लागू झाला, असा वाचकाचा समज होतो.

तो किती चुकीचा असू शकतो? सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर २४ सप्टेंबर १९९६ रोजी सर्वांत आधी सही केली ती अमेरिकेने. १३ ऑक्टोबर १९९९ रोजी तिच्याच सिनेटने तो फेटाळला. बाजूने ४८ मतं, विरोधात ५१. सही कागदावर आहे, अनुसमर्थन नाही.

रशियाने याच कराराचं अनुसमर्थन २००० मध्ये केलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सही तशीच ठेवून त्याने ते मागे घेतलं. मोर्तब उठल्यानंतर ते पुसायचं, या क्रियेसाठी दरबारी मराठीने आपल्याला काही सुटसुटीत शब्द दिलेला नाही.