बुटातला सोल: मापाचा की दुकानातला?

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस सरला आणि मैदानं वाळली की सोलापुरात सरावाला जोर येतो. पार्क स्टेडियमवर क्रिकेटची पोरं, शाळांच्या मुरमाड मैदानांवर खो-खो आणि कबड्डी, विजापूर रोडला संभाजी तलावाकाठी पहाटे पळणारे. थोड्याच दिवसांत यांतले काहीजण माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात येतात. कुणाची टाच दुखत असते, कुणाची गुडघ्याची वाटी, कुणाच्या नडगीत कळ असते. पायाचं माप देऊन बुटात घालायचा खास सोल बनवून घ्या, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. त्याचा आकडाही ऐकलेला असतो, तीन-चार हजारांपासून पुढे कितीही. मग दुकानातला पाचशे-सातशेचा इनसोल पुढे करून विचारतात, "मॅडम, यावर भागंल का ओ?"

माझं मत आधी सांगते, कारणं मागाहून. खेळणाऱ्या बहुतेकांनी दुकानातल्या चांगल्या, टणक इनसोलनं सुरुवात करावी, जोडीला व्यायाम करावा आणि सहा ते आठ आठवडे थांबून बघावं. मापाचा सोल ठरावीक पायांनाच लागतो. त्या पायांना मात्र तो लागतोच, तिथे पैशाकडे बघू नये.

दुकानात इनसोल म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात. एक मऊ, जेलची किंवा पातळ स्पंजची गादी. बोटानं दाबली की तळाला टेकते. दुसरा फोमचाच, पण घट्ट. टाचेला खोलगट वाटी असते, मधल्या कमानीखाली उंचवटा असतो आणि अंगठ्यानं जोर लावला तरी तो उंचवटा सहज बसत नाही. मी दुकानातला इनसोल म्हणते तेव्हा हा दुसरा.

मापाचा सोल बनवायचा तर आधी पायाचा साचा घेतात. कुणी प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून घेतं, कुणी फोमच्या खोक्यात पाय दाबायला लावतं, हल्ली कॅमेऱ्यानं स्कॅनही करतात. त्या साच्यावर प्लास्टिकचं किंवा घट्ट फोमचं कवच बसवतात, वर अस्तर लावतात. हे काम जाणकाराचं आहे. आपल्या देशात प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट म्हणून शिकलेल्या माणसाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. माप देण्याआधी ती विचारा, विचारायला संकोच नको. यंत्रावर पाय ठेवला, पडद्यावर लाल-पिवळे रंग दिसले आणि दोन मिनिटांत सोलची ऑर्डर झाली, याला तपासणी म्हणत नाहीत. तपासणारा तुमची पोटरी, घोटा, गुडघा आणि चालणं बघतो, तुमचे वापरलेले बूट उलटे करून झीज बघतो, आठवड्याला किती खेळता ते विचारतो.

आता कारणं. टाचदुखीवर ऑस्ट्रेलियात १३५ रुग्णांची एक चाचणी झाली, ती २००६ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांचे तीन गट केले. एकाला नुसता मऊ, पातळ फोम दिला, दुसऱ्याला तयार टणक इनसोल आणि तिसऱ्याला मापाचा. तीन महिन्यांनी तयार आणि मापाच्या सोलवाल्यांचं चालणं-फिरणं मऊ फोमवाल्यांपेक्षा थोडं सुधारलेलं होतं. तयार आणि मापाचा यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. वर्षभरानं तर तिन्ही गट सारखेच. गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यावर २००८ सालची चाचणी आहे, तीही ऑस्ट्रेलियातलीच, १७९ जणांची. तिच्यात तयार सोलच वापरले होते. सहा आठवड्यांनी सपाट तुकडा घातलेल्यांपेक्षा सोलवाले बरे होते, पण नीट फिजिओथेरपी घेणाऱ्यांना वरून सोल दिल्यानं जास्तीचं काही मिळालं नाही. आणि दुखापत होऊच नये म्हणून काय घालावं? २०१७ साली अशा चाचण्या एकत्र करून तपासल्या, त्यांत सैन्यातल्या भरतीच्या जवानांवरच्या पुष्कळ होत्या. आधार देणाऱ्या सोलनं दुखापती कमी झाल्या, हाडाला तडा जाण्याचं प्रमाणही घटलं. धक्का शोषणाऱ्या मऊ गाद्यांचा उपयोग दिसला नाही. मऊ गादी पायाला सुखाची वाटते म्हणून खेळाडू तीच उचलतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सोल कुठलाही असो, तो पाय सरळ करत नाही. हाडांची ठेवण बदलत नाही. तो भार इकडचा तिकडे करतो. दुखऱ्या जागेवरचा ताण थोडा उतरवून शेजारच्या जागेवर देतो, तेवढ्यात त्या जागेला बरं व्हायला वेळ मिळतो. तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा ताणलेला. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर तर पाचपट आणि त्याहूनही जास्त. तो भार या पट्ट्याला पेलेनासा झाला की सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल सुईसारखं टोचतं.

म्हणजे पट्ट्याची आणि पोटरीची ताकद वाढवल्याशिवाय सुटका नाही. यासाठीचा एक व्यायाम डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर तपासला गेला. त्याला टॉवेल लागतो, आणि टॉवेलला सोलापुरात काय तोटा! जिन्याच्या पायरीच्या कडेवर पायाचा पुढचा भाग ठेवा. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बोटांखाली सरकवा, म्हणजे बोटं वर वळतील आणि तळव्याचा पट्टा ताणला जाईल. कठड्याला हात लावून एका पायावर उभे राहा. तीन सेकंदांत टाच वर न्या, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली आणा. असं बारा वेळा झालं की एक फेरी. अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवडे झाले की पाठीवर दप्तर अडकवून त्यात पुस्तकं भरा, वजन वाढवा आणि वेळा कमी करा. हा व्यायाम केलेले रुग्ण तीन महिन्यांनी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा खूपच बरे होते. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखे झाले, पण ज्याची स्पर्धा दोन-तीन महिन्यांवर आहे त्याला लवकर बरं होण्याची किंमत कळते. दोन्ही गटांच्या बुटात टाचेखाली जेलची गादी होतीच, हेही सांगायला हवं. सोल आणि व्यायाम एकमेकांच्या सोबतीनं चालतात.

आता मुलांच्या सपाट पायांविषयी, कारण आई-बापांचा सगळ्यांत जास्त पैसा इथे जातो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक वडील नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा क्रिकेट शिकायला जातो. कुणीतरी त्याचे ओले पाय बघितले आणि सांगितलं की तळवा पूर्ण सपाट आहे, मापाचे सोल लावा, नाहीतर पुढे गुडघे जातील. वडिलांनी पतसंस्थेतून पैसे काढायची तयारी केली होती. मी मुलाला विचारलं, "कुठं दुखतंय का रे?" तो म्हणाला, "नाही." दवाखान्याच्या शहाबादीवर त्याचे ओले पाय उमटवले. खरंच, कमानीची जागा भरलेली, पूर्ण पाऊल फरशीवर. मग त्याला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. टाचा उचलल्या तशी दोन्ही तळव्यांखाली सुरेख कमान उभी राहिली आणि टाचा मागून बघताना आतल्या बाजूला वळल्या. बसवून पायाचा अंगठा वर उचलला, तरी कमान वर आली. वडिलांना खाली वाकून ते बघायला लावलं. म्हटलं, "दादा, हा पाय लवचिक आहे, दुखत नाही, पोरगं पळतंय. याला काही लागत नाही. पैसे ठेवा." मुलांची कमान साधारण आठ-दहा वर्षांपर्यंत घडत असते आणि काहींची मोठेपणीही सपाटच राहते. तशा पायांनी माणसं आयुष्यभर खेळतात. नुसता सपाटपणा हा आजार नाही.

चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल, पाय ताठ असेल, एकच पाय सपाट असेल किंवा मूल खेळ टाळून पाय धरून बसत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

मोठ्यांमध्ये मापाचा सोल कुणाला, तेही स्पष्ट बोलते. कमान फार उंच आणि ताठ आहे, भार फक्त टाचेवर आणि चवड्यावर पडतो आणि तिथे दुखतं, अशा पायांना मापाच्या सोलचा फायदा चाचणीत चांगला दिसला आहे. घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायूबंध कमजोर होऊन एका पायावर टाच उचलता येत नाही, त्यांना. जुनं फ्रॅक्चर वेडंवाकडं जुळलंय, एक पाय आखूड आहे, अंगठ्याचा सांधा झिजून वळत नाही, संधिवातानं पावलाचा आकार बदललाय, त्यांना. एकाच हाडाला पुन्हा पुन्हा तडा जातोय, त्यांनाही. आणि टणक इनसोल, बदललेले बूट आणि मन लावून केलेला व्यायाम यांना पुरेसा वेळ देऊनही ज्यांचं दुखणं हललं नाही, त्यांना.

मधुमेह असेल आणि तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर दुकानातून काहीच आणून बुटात घालू नका. टोचलेलं, घासलेलं कळत नाही आणि जखम आतल्या आत वाढते. त्यांनी आधी पाय तपासून घ्यायचा. त्यांच्यासाठी एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणं आणि वेगळे सोल असतात.

दुकानात जाताना खेळायचे बूट आणि खेळताना घालता तेच मोजे सोबत न्या. नवी पेठेत घ्या नाहीतर आणखी कुठे, पायात न घालता पाकीट विकत घेऊ नका. बुटात आधीचा सोल असतो तो बाहेर काढा. त्याच्यावर नवा ठेवला तर टाच वर येते, बूट घोट्याला नीट धरत नाही आणि पाय मुरगळतो. जुना सोल नव्यावर ठेवून पुढून कात्रीनं कापा, टाचेकडून कधीच नाही. मग दुकानातच चाला, चार उड्या मारा, जागच्या जागी पळा. कमानीखाली खडा आल्यासारखं वाटलं तर तो तुमचा नाही. दुसरा बघा, तिसरा बघा. सैनिकांवर केलेल्या एका अभ्यासात सहा प्रकारच्या सोलमधून ज्यानं-त्यानं आपल्या पायाला बरा वाटेल तो निवडला, तर दुखापती कमी झाल्या, आणि निवड माणसागणिक वेगळी होती. मैत्रिणीला मानवला म्हणून तुम्हाला मानवेलच असं नाही. तुमच्या पायाचं ऐका.

खेळाप्रमाणे थोडा फरक पडतो. बॅडमिंटनच्या बुटात उंच सोल नको, बाजूला झेप घेताना घोटा डगमगतो. क्रिकेटच्या स्पाइक्समध्ये जागा कमी, तिथे पातळ कवचाचा सोल बरा, आणि खरंच गरज असेल तर मापाचा इथे कामाला येतो, कारण तो बुटाच्या जागेचा विचार करून बनवता येतो. पळणाऱ्यांनी आधी बूट बघावेत. पाचशे ते आठशे किलोमीटर झालेल्या बुटात नवा सोल घालून काही साधत नाही.

नवा सोल, कुठलाही, लगेच सामन्यात घालू नका. पहिल्या दिवशी घरात तासभर, मग रोज थोडा वाढवत एक-दोन आठवडे, त्यानंतर हलका सराव. मापाच्या सोलखाली फोड येत असेल किंवा कड रुतत असेल तर बनवणाऱ्याकडे परत जा. घासून, उतरवून देणं त्याचं काम आहे आणि पैसे देतानाच ते बोलून घ्यावं. फोमचा सोल रोजच्या सरावात सहा महिने ते वर्षभर टिकतो, प्लास्टिकचं कवच काही वर्षं चालतं, फक्त अस्तर बदलावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो, त्या दिवसांत बूट गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. फोम आक्रसतो, चिकटवलेलं सुटतं. घामानं ओला झालेला सोल बाहेर काढून सावलीत वाळवा.

शेवटी खो-खोच्या मुलींविषयी, कारण हा आपल्या जिल्ह्याचा जीव लावून खेळला जाणारा खेळ आहे आणि मातीच्या मैदानावर त्या पुष्कळदा अनवाणी खेळतात. त्यांच्या टाचा दुखल्या की घरचे शाळेच्या बुटात सोल घालून देतात. दिवसाचे सहा-सात तास त्या बुटात जातात, त्यामुळे त्याचा थोडा उपयोग होतोच, पण मैदानावर तो सोल पायाखाली नसतो. तिथे त्यांच्याजवळ पोटरी आणि तळव्याची ताकदच असते. प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की सरावाआधी दहा मिनिटं टाचा उचलण्याच्या व्यायामाला द्या, मैदानातले खडे वेचून घ्या, आणि एखादी मुलगी सकाळी लंगडत आली तर त्या दिवशी तिला पाठलागात उतरवू नका. दुखणं दोन आठवड्यांत ओसरलं नाही, तर तिला तपासायला पाठवा.

नमस्कार.