मागचे पंख बघितले का?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पतंगांबद्दल, रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या. त्यातलं एक घराणं भलतंच फसवं आहे. शास्त्रीय नाव कॅटोकाला, इंग्रजीत अंडरविंग. युरोप, आशिया, उत्तर अमेरिका मिळून याच्या दोनशेहून जास्त जाती, काही आपल्या हिमालयातही. दिवसा हा खोडावर बसला की शोधून सापडत नाही. पुढचे पंख करडे-तपकिरी, त्यावर सालीच्या भेगा, दगडफुलाचे ठिपके, सगळं आहे. जरा डिवचलं की तो ते पंख पुढे सारतो आणि करड्या कोटाचं लालभडक अस्तर दिसावं तसे मागचे पंख उघडे पडतात. पक्षी दचकतो, तेवढ्यात हा पसार.

मग जात ओळखायची कशी? मागचे पंख बघा. पुन्हा सांगतो, मागचे पंख. आधी रंग: लाल, केशरी, पिवळा, की नुसता काळा? फ्रॅक्सिनी नावाच्या जातीत तर काळ्यावर निळा पट्टा असतो. मग मधल्या काळ्या पट्ट्याचं वळण बघा. युरोपातल्या ओकच्या रानात स्पोन्सा आणि प्रॉमिसा या दोन लाल जाती राहतात. स्पोन्साचा पट्टा चांगलाच नागमोडी, प्रॉमिसाचा त्यामानाने सरळ. हल्ली मिटलेल्या पंखांचा फोटो मोबाइलला दाखवतात आणि तो सांगेल ते नाव वहीत लिहितात. मोबाइल बिचारा काहीतरी सांगणारच, त्याला गप्प बसायला कुणी शिकवलेलं नाही!

दुसरी गोष्ट म्हणजे झाड. सुरवंट काय खातो त्यावर पतंगाचा मुलूख ठरतो. नुप्ता ही लाल जात विलो आणि पॉप्लरची, स्पोन्सा ओकची, अमेरिकेतल्या कितीतरी जाती हिकरी-अक्रोडाच्या. हिवाळा अंड्यातच जातो, वसंतात पालवी फुटते तेव्हा सुरवंट बाहेर येतात.

आता मला ज्यासाठी हे भाषण करायचं होतं तो किस्सा. पतंगाला आपल्या रंगाची साल सापडते कशी? आरसा तर नाही त्याच्याकडे! 1955 साली इंग्लंडमध्ये केटलवेल नावाच्या शास्त्रज्ञांनी एका पिंपाला आतून काळे-पांढरे पट्टे दिले आणि त्यात एकाच जातीचे काळे आणि फिकट पतंग सोडले. बरेचसे काळे काळ्यावर बसले, फिकट पांढऱ्यावर. केटलवेल यांचा तर्क असा, की पतंगाला डोळ्याभोवतीचे स्वतःचे खवले दिसत असावेत. ते आणि समोरची साल तो ताडून बघतो, जुळलं की बसतो.

तर्क मोठा देखणा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला थिओडोर सार्जंट नावाचे प्राध्यापक होते, या अंडरविंगांच्या मागे लागलेले. त्यांनी काय करावं? पतंगाच्या डोळ्याभोवतीचे खवले चक्क रंगवले! डोळा केवढा, त्याच्या कडेचे खवले केवढे, आणि पतंग काही मान स्थिर धरून बसणारा प्राणी नव्हे. त्यांनी दोन जाती घेतल्या. अँटिनिम्फा नावाचं काळपट अंडरविंग आणि कॅम्पिया पर्लाटा नावाचा फिकट पतंग. केटलवेल खरे असतील तर रंग बदलला की निवडही बदलायला हवी, काळ्याने फिकट जागी जायला हवं. रंगवायच्या आधी बघितलं, रंगवल्यावर बघितलं. फरक शून्य! काळा आपला गडद जागी, फिकट फिकट जागी. 1968 साली हे छापून आलं. पतंग ताडून बघत नाही, निवड उपजत असते, हा त्यांचा निष्कर्ष. मला विचाराल तर विज्ञान शिकवताना सूत्रं थोडी कमी करावीत आणि असे रंगाचे ब्रश जास्त दाखवावेत. असो.

आपल्या कामाचा मुद्दा असा, की पतंग बसायची जागा रंगावरून ठरवतो, खाण्यावरून नाही. रेलिक्टा ही पांढुरकी जात बर्चच्या पांढऱ्या खोडावर बसते, पण तिचा सुरवंट वाढतो पॉप्लर-विलोवर. अँटिनिम्फाचा सुरवंट तर स्वीटफर्न नावाच्या ठेंगण्या झुडपावर, त्याला बसण्याजोगं खोडच नाही. तेव्हा पतंग बर्चवर दिसला म्हणून वहीत ‘बर्चचा पतंग’ लिहू नका. आसपास पॉप्लर आहे का, विलो आहे का, ते बघा.

आणि मागचे पंख बघायचे तर त्याला डिवचायची गरज नाही. काकवी, फार पिकलेलं केळं आणि थोडी बीअर एकत्र करा, बीअर पतंगासाठीच बरं का! उन्हाळा सरत आला की एखाद्या संध्याकाळी ते खोडावर छातीच्या उंचीला फासा. अंधार पडल्यावर टॉर्चला लाल कागद लावून हळूच जा. चाखायला बसलेलं अंडरविंग बरेचदा पंख अर्धवट उघडे ठेवतं, पट्ट्याचं वळण तेव्हाच टिपून घ्या. मुंग्या बहुधा त्याच्याआधी येतील, त्यांना हाकलत बसू नका.